कलेक्टर मावशीचा गुत्ता

कलेक्टर मावशी काम मागायला कोणाच्या दारात गेली, असं आमच्या नागभीडच्या आसपास कोणी सांगणार नाही. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले की भातबांध्यांचे मालकच तिच्या अंगणात येऊन उभे राहायचे. ती ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. मालक एकराचा भाव बोलायचा, मावशी खडा वेचायची. मालक खोकायचा, आभाळाकडे पाहायचा, भाव थोडा चढवायचा. मावशी आणखी एक खडा वेचायची. भाव तिच्या मनाजोगता झाला की मग कुठे ती मान वर करायची आणि पाहुणा आत्ताच दिसावा अशा आवाजात म्हणायची, "अवं बाप्पा, तुमी कवा आले? बसा ना. च्या मांडाचा का?" तिच्या तांदळात एवढे खडे कसे निघतात याचं मला फार दिवस नवल वाटायचं. नंतर कळलं, खडा एकच असायचा. तोच ती सुपात टाकायची आणि तोच वेचायची.

असा ठरलेला सौदा म्हणजे गुत्ता. अमुक बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, अमुक भाव. बाया किती लावायच्या आणि कसं उरकायचं ते बायांनी पाहायचं. मावशीच्या हाताखाली तिच्या मोहल्ल्यातल्या बायांची टोळी होती आणि टोळीत तिचा शब्द शेवटचा. "गुत्ता घेतला का बांधी सोडाची नाई," हा तिचा कायदा. अंगात ताप असो, घरी जावई आलेला असो, बांधीत साप निघालेला असो. सापाच्या बाबतीत तिने एवढी सूट दिली होती की साप जाईपर्यंत थांबायचं.

कलेक्टर हे नाव तिला एका पांढऱ्या गाडीमुळे पडलं. आमच्याकडे रोवणीच्या शेवटच्या दिवशी रस्त्याने जाणारा माणूस सुटत नाही. बाया चिखलाच्या हातांनी गाडी अडवतात, कपाळाला बोटभर चिखल लावतात आणि ओवाळणी मागतात. त्यातून संध्याकाळी कोंबडं शिजतं. एका वर्षी बायांनी सरकारी गाडी अडवली. ड्रायव्हर ओरडला, "बाजूला व्हा, साहेबांची मीटिंग आहे!" मावशी म्हणाली, "आमची बी मीटिंगच हाय. मी इथची कलेक्टर. सायबाले सांगा, उतरून हजेरी लावा म्हनावं." साहेब हसत हसत उतरले, चिखल लावून घेतला, नोट दिली. त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं.

तिच्या मोबाइलची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नातीने प्रत्येक मालकाच्या नंबराला एकेक चित्र लावून दिलं होतं. चित्र कोणतं लावायचं ते मात्र मावशी सांगायची. कोणी बैल होता, कोणी बदक, पैसे बुडवणारा एक कोल्हा होता. फोन वाजला की ती हात पदराला पुसून पडद्याकडे पाहायची आणि मोठ्याने जाहीर करायची, "बदक बोलून राह्यलं!" मग फोन तोंडासमोर धरून एवढ्या जोरात बोलायची की फोनची गरजच काय असं वाटावं. बिचाऱ्या मालकांना हे ठाऊक नव्हतं. एकदा बदक समोर बसलेलं असताना मी हसू दाबायला आत पळाले होते.

आता मी तिच्या टोळीत कशी शिरले ते सांगते. माझे बाबा एसटीत कंडक्टर. मला शाळेत घातलं त्यांनी, बारावीनंतर बी.एस्सी.ला चंद्रपूरला नेऊन ठेवलं त्यांनी. पहिलं वर्ष झालं आणि घरी एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत. बाबांनी मला न विचारता शब्द देऊन टाकला. मी म्हटलं, मला आधी शिकायचंय. आमच्या घरात त्याआधी कोणी बाबांना नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं ऐकायचं याची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "मंग तुह्या कालेजले आता माह्या खिशातून पैसा नाई. ॲडमिशनची तारीख गेली का सोयरीक पक्की." बाबा वाईट नव्हते, घाबरलेले होते. रेल्वेतला मुलगा दाराशी दोनदा येत नाही, हे त्यांना कोणीतरी पटवलं होतं.

स्कॉलरशिप होती, नाही असं नाही. पण ती पावसाळ्यात मंजूर होते आणि उन्हाळ्यात खात्यात येते. कॉलेजचं काउंटर आणि चंद्रपूरचा खोलीमालक एवढे थांबत नाहीत. आई रडली, तिच्याजवळ रडण्यापलीकडे काही नव्हतं. त्याच आठवड्यात मावशी आमच्या दारात सात्या विकायला आली. पहिल्या पावसानंतर जंगलात उगवणाऱ्या त्या अळंब्या तिच्याइतक्या महाग कोणी विकत नसे आणि तरी तिच्याकडूनच घेतल्या जात. आईने भाव करता करता सगळं सांगून टाकलं. मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसे पोळ्याच्या बाजारात गोऱ्हे पाहतात.

"पैसे मी कोनाले देत नाई," ती आईला म्हणाली. "काम देतो. हिची कंबर वाकते का?"

वाकेल, असं मीच म्हणाले. बाबांना सांगण्यात आलं की मी मामाकडे गेले आहे, आणि मी मावशीच्या गावी तिच्या ओसरीवर राहायला गेले.

कंबर वाकली, पण सरळ व्हायला तयार होईना. रोवणी लांबून फार सुंदर दिसते. जवळून पाहिलं तर ती उलट्या पावलांनी चिखलात चालत जाण्याची कला आहे. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी, उजव्या हाताने दोन-चार रोपं सुटी करायची, बोटांनी चिखलात खोचायची, मागे सरायचं. मी मागे सरले आणि बसलेच. बाया हसल्या. उठले, पुन्हा बसले. मावशी म्हणाली, "पोरी, बसाचं असन तं पाट आनून देतो!" माझी रोपं खोल जायची आणि फार हळू जायची. "देवाले फुलं वाहून राह्यली का? देव नाई तिथी, चिखल हाय. टोच आन सर मांगं." दुपारी बाया शिदोरीतला भात आणि तरोट्याची भाजी हसतखिदळत खायच्या आणि मी पारीवर, म्हणजे बांधावर, आडवी पडून आभाळ कुठे आहे ते पाहायचे.

आठवड्याचा हिशेब झाला तेव्हा कळलं, मला अर्धा वाटा. मला वाटलं चुकून झालं असेल. मावशी म्हणाली, "अर्धा हात, अर्धा वाटा. नव्या बाईचा असाच असते. माह्या सुनेले बी दिला होता." मी हिशेब केला, अर्ध्या वाट्यात तारखेपर्यंत फी जमणार नव्हती. मी सांगितलं, रडले, आईची शपथ घातली. ती हलली नाही. इतर बायांच्या वाट्यातून काढून मला देणं तिच्या लेखी चोरी होती. मला तिचा भयंकर राग आला. रात्री तिने केलेला चहा मी प्यायले नाही, आणि तिने तो माझ्यासमोर बसून मजेत पिऊन टाकला.

सकाळी उठले तर ती फोनवर ओरडत होती. फोन ठेवून म्हणाली, "वाटा वाढत नाई, तं दिवस वाढवू. वैनगंगेच्या पल्याड आरमोरीकडे रोवणी उशिरा होते. गुत्ता घेतला. मॅटाडोर येते, चाल." बायांना एवढ्या लांब जायची हौस नव्हती. त्यांना तिने काय सांगितलं ठाऊक नाही, पण सगळ्या आल्या, आणि वाटेत माझ्या पाठीवर धपाटे घालत "कालेजवाली, तुह्यापायी हाडं मोडून राह्यली आमची" म्हणत राहिल्या. नदीवरच्या पुलावर वारा एवढा होता की सगळ्यांचे घोंगते, म्हणजे डोक्यावरून पांघरलेली मेणकापडं, फडफडत होती. मला त्या बायांवर एवढं प्रेम वाटलं की मी तोंड फिरवून पुलाखालचं पाणी पाहत राहिले.

तिकडेच मावशीच्या हातून ती प्रसिद्ध चूक झाली. मुलूख परका, धो धो पाऊस, सगळ्या बांध्या पाण्याने सारख्याच भरलेल्या. मालकाने आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं, "मोहाच्या झाडाजवळची बांधी." तिथे मोहाची झाडं दोन होती. मालकाने काढून ठेवलेल्या जुड्या उचलून आम्ही एका झाडाजवळ उतरलो आणि दुपारपर्यंत झकास रोवणी केली. दुपारी मालक चहाची किटली घेऊन आला आणि पारीवर तसाच उभा राहिला. त्याची बांधी कोरी होती. त्याचे पऱ्हे शेजाऱ्याच्या बांधीत डौलात उभे होते.

मी मनात हिशेब केला. दिवस गेला, आता पऱ्ह्यांची भरपाईही आमच्याच अंगावर, म्हणजे फी गेलीच. मावशीने शांतपणे हात धुतले, किटलीतला चहा ओतून घेतला आणि शेजाऱ्याला बोलावून आणायला सांगितलं. तो आला. आयती रोवलेली बांधी पाहून त्याला हसू आवरेना. म्हणाला, "आता झालं ते झालं, बाई. मी तं काई सांगतलं नोतं."

"खरं हाय," मावशी म्हणाली. "तुमी सांगतलं नाई, तं आमी रोवलं बी नाई. चला वं बायांनो, आपले पऱ्हे उपटा. भाऊची बांधी भाऊले जशीच्या तशी देऊन टाका."

आम्ही वाकलो. मी खरोखरच एक मूठ उपटली. शेजाऱ्याचं हसू गेलं, कारण त्याचे स्वतःचे पऱ्हे अतिपावसाने सडले होते आणि ते मावशीने सकाळीच वाटेत पाहून ठेवलं होतं. "थांबा थांबा," म्हणत तो पाण्यात उतरला. शेवटी त्याने आमची मजुरी मान्य केली, मालकाला पऱ्ह्यांचे पैसे दिले, आणि मालकाच्या बांधीसाठी दुसऱ्या दिवशीचं काम आम्हाला वेगळं मिळालं. मॅटाडोरमध्ये मी म्हटलं, "मावशी, चूक बरीच फळली." ती खवळली. "चूक? कोनती चूक? नवीन गिऱ्हाईक धरलं ते!" त्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या नंबराला ससा लागला.

फी जमली. खोलीचं भाडं जमलं नव्हतं. आणि भाड्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. सोमवारी ॲडमिशनची शेवटची तारीख, आणि त्याआधी बाबांना कळलं की कंडक्टरची पोरगी परक्याच्या बांधीत मजुरी करते आहे, तर ते मला चंद्रपूरच्या गाडीत चढू देणार नव्हते. शनिवारी, आरमोरीहून परतल्यावर, मावशीच्या गावची राखून ठेवलेली शेवटची बांधी रोवून रोवणी संपत होती. बाया रस्त्यावर जमल्या. एक मोटरसायकल गेली, एक ट्रॅक्टर गेला, मावशीने दोघांनाही सोडलं. बाया कुरकुरल्या. मग वळणावरून एसटी आली आणि मावशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दारात बाबा होते. मी झटकन घोंगता पुढे ओढला.

"मावशी, सरकारी गाडी हाय ही!" बाबा पायरीवरून ओरडले.

"तं सरकारी चिखल लावतो!"

गाडीतले लोक हसले. बाबा म्हणाले, "थैलीतला पैसा महामंडळाचा. खिशात च्यापुरते हायेत फक्त."

"पैसे मांगतच नाई, कंडक्टर भाऊ. जयभीम. एक इचारतो, तेवढं सांगा. आमी गुत्ता घेतला, अर्धी बांधी रोवली आन घरी निंगून गेलो, तं मालक काय म्हनन?"

"म्हनन काय? हाकलून देईन."

"बराबर. आन एखाद्यानं पोरीले शिकवाचा गुत्ता घेतला, कालेजात नेऊन घातलं, आन मदातच पारीवर चढून बसला. त्याले काय म्हनाचं?"

बाबांचा चेहरा बदलला. गाडीत मागून कोणीतरी विचारलं, "कोन वं मावशी, कोन बसला पारीवर?" बाबा बायांच्या रांगेवरून नजर फिरवत आले आणि माझ्याजवळ थांबले. घोंगता होता, तोंडाला चिखल होता, तरी बापच तो. पॉलिश केलेल्या बुटांनी ते चिखलात उतरले. मला वाटलं, आता हाताला धरून ओढणार. ते जवळ आले आणि माझ्या पायांकडे पाहत राहिले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या.

"चिखल्या झाल्या तुले," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"तेल लावत नाई का?"

"लावते."

"कंडक्टर भाऊ, तेलावर नका सुटू," मावशी म्हणाली. "चिखल लावाचा राह्यला." तिने माझा हात धरून पुढे केला. मी बाबांच्या कपाळाला बोट लावलं. बाबांचे डोळे भरले होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाबांनी विचारलं, "तारीख कवा हाय?" मी म्हटलं, "सोमवारी." ते वळले, पायरीवर चढले आणि डबल बेल दिली. टिळा त्यांनी पुसला नाही. कपाळाला चिखल लावून त्यांनी शेवटच्या थांब्यापर्यंत तिकिटं दिली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "माही पोरगी रोवणी करून शिकून राह्यली." हे मला त्या गाडीतल्या दोन-तीन माणसांकडून वेगवेगळं कळलं.

सोमवारी बाबांनी माझी पिशवी उचलली आणि नागभीड स्टेशनापर्यंत सोबत आले. रेल्वेतल्या मुलाकडे त्यांनी निरोप धाडला होता, पोरगी शिकते आहे, थांबत असाल तर थांबा. ते थांबले नाहीत. गाडी हलताना बाबांनी खोलीभाड्याचं पाकीट खिडकीतून आत टाकलं. मी मूल स्टेशन येईपर्यंत रडत होते, आणि समोरच्या बाई मला भुईमुगाच्या शेंगा देत होत्या. पुढची दोन वर्षं आमच्या घरात तह राहिला: खोली बाबांची, फी माझी. पुढच्या पावसाळ्यात मावशीने माझ्या रोवणीकडे एक दिवस पाहिलं आणि सगळ्या बायांसमोर जाहीर केलं, "आता हिचा पुरा हात." परीक्षेच्या निकालानेही मला तेवढा आनंद झाला नाही.

शिक्षण संपलं. गडचिरोलीत एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. पहिल्या पावसाळ्यात सुट्टी पाहून मी हौसेने मावशीच्या गावी गेले. टोळी बांधीत होती. मी पारीवर पिशवी ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि चपला काढायला वाकले.

"चपला काढू नको!" मावशी बांधीतून ओरडली.

"काऊन, मावशी? हात इसरली नाई मी."

ती चिखलातून माझ्याजवळ आली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "ते टोकाची पोरगी पाय. नर्सिंगले हाय. बाप गेला औंदा. रोज इचारते, मावशी, असं रोवून कोनी शिकलं का खरंच? मी सांगतो तुहं नाव, तिले खरं वाटत नाई. आता तू बांधीत उतरली तं ते काय म्हनन? शिकून बी चिखलातच याचं हाय, म्हनन. तू इथीच उभी राय. चांगली दिसन अशी."

टोकाची पोरगी मागे सरत होती आणि बसत होती, उठत होती आणि बसत होती. मी ओढणी सोडून नीट केली, पिशवी खांद्याला लावली आणि चपला घालून पारीवर उभी राहिले. पाऊस भुरभुरत होता. सुरुवातीला फार लाज वाटली, दाखवायच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखी. ती पोरगी चार रोपं खोचायची आणि मान वर करून पाहायची, मी आहे की गेले. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथून हलले नाही.